अव्वाला सांगा, हात गेला

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

ताडकळस,
दि. १४ जानेवारी २०२५

चि. शिवरंजनी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ठक, ठक, ठक-ठक. आज संक्रांतीच्या सकाळी अंगणात ऊन खात बसलो होतो आणि हा आवाज कुठून येतोय ते कळेना. अंगणात कोणी नव्हतं. मग उमगलं, हा आवाज आजचा नाही, सत्तावीस वर्षांपूर्वीचा आहे. बाजाराच्या दिवशी शाळेच्या भिंतीपलीकडं नालबंद बैल आडवा पाडून नाल ठोकायचा आणि अलीकडं मी दुसरीच्या वर्गाला कविता शिकवायचो. माझ्या हातात ताल धरायला पट्टी असायची, पण पोरं नालबंदाच्या ठोक्यावरच कविता म्हणायची. एकदा कविता अशी रंगात आली असताना तुझी जागा रिकामी दिसली. तू भिंतीला वळसा घालून बाजारात पोचली होतीस. बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस आणि नालबंदाला विचारत होतीस की आधी ह्याला विचारलं का. ही पोरगी कवितेच्या कामाची नाही हे मी त्या दिवशी ओळखलं. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता मुद्द्याचं. परवा फोनवर तू फार हसलीस. परीक्षेचं विचारलं तर बर्फाचं सांगितलंस, निकालाचं विचारलं तर अव्वाच्या गुडघ्यांचं विचारलंस. मी छत्तीस वर्षं पोरांचे चेहरे वाचलेत. ज्यानं गृहपाठ केलेला नसतो ते पोर आधी हसतं. फोनवर तू खोटं छान बोलतेस, कागदावर तुला जमत नाही. लहानपणी निबंधातसुद्धा जमलं नाही. म्हणून हे पत्र, आणि उत्तरही पत्रानंच पाहिजे. तीन आठवडे लागले तरी चालतील.

दोन वर्षांपूर्वी तू जनावरांच्या दवाखान्यातली सरकारी नोकरी सोडलीस तेव्हा अव्वा माझ्याशी तीन दिवस बोलली नव्हती. आई ती, तुला नाही, मला दोष दिला. भूगोलाच्या पुस्तकातला कॅनडाचा नकाशा तुला कोणी दाखवला, तळ्यांची नावं गाण्यासारखी कोणी म्हणून दाखवली, हे तिला ठाऊक होतं. त्यामुळे जे काही झालं असेल त्यात माझा वाटा आहे असं धरून लिही.

तुझ्यासाठी दोन ओळी सुचल्या होत्या. अव्वा म्हणाली, पत्राचं वजन वाढतं. म्हणून गाळल्या.

तिळगूळ पाठवता आला नाही, गोड मानून घे. घरच्या मायेला अंतर देऊ नकोस.

तुझा,
आप्पा


सस्कॅचवान, कॅनडा
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आप्पा यांस,
शि. सा. न. वि. वि.

पकडलंत. नापास झाले, आप्पा.

सगळं नीट सांगते. आपल्या परभणीची पदवी इथं चालत नाही असं नाही, पण ती पुन्हा सिद्ध करावी लागते. लेखी परीक्षा मी मागेच पास झाले. उरली होती ती हातांची. जिवंत जनावरांवर, परीक्षकांसमोर. गाय तपासली, घोडा तपासला, भूल दिली, एक्स-रे वाचले, ते सगळं निघालं. शस्त्रक्रियेत गेले. कुत्रीचं गर्भाशय काढायचं होतं, जे मी तिथं शेकडो वेळा केलंय. काम उत्तम झालं असं मला वाटत होतं. बाहेर येऊन मी चहासुद्धा प्यायले.

निकालाच्या कागदावर तीन ओळी आहेत. भाषांतर करून देते. ‘हात निर्जंतुक करून हातमोजे घातल्यावर उमेदवाराने उजवा हात स्वतःच्या गळ्याला लावला. तिच्या ते लक्षात आले नाही. हातमोजे न बदलता तिने काम सुरू केले.’

आप्पा, मला हे आठवतच नाही. शपथेवर सांगते. तीन परीक्षक होते आणि तिघांनी पाहिलं, म्हणजे झालं असणार. पण माझा हात कशाला गळ्याकडे जाईल? खाज नव्हती, घाम नव्हता. तुम्ही मला लहानपणापासून पाहिलंय. तुम्हाला काही सुचतंय का?

आता जूनमध्ये पुन्हा संधी आहे, आणि ती शेवटची. त्यानंतर मला बसता येणार नाही. राहण्याचा परवाना ऑक्टोबरअखेर संपतो. पास झाले तर डॉक्टर, नाही तर विमान.

तोवर मी एका जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. फोनवर मी ‘प्रॅक्टिस’ म्हणते, ते हे. पिंजरे धुते, फरशी पुसते, कुत्री फिरवून आणते. इथं माझी दहा वर्षं दोन शब्दांत मावतात: परदेशात शिकलेली. गेल्या आठवड्यात एक बाई म्हातारा कुत्रा घेऊन बसल्या होत्या. कुत्रा मान लांब करून नुसतेच उमासे काढत होता, पोट एका बाजूनं ताठ. लांबून कळलं की पोटाला पीळ बसलाय, अर्धा तासच हातात आहे. मालकिणीशी रोगाबद्दल बोलायची मला मुभा नाही. फडकं टाकून आत गेले, डॉक्टरांना सांगितलं. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेत, पण सज्जन. लगेच आले. कुत्रा वाचला. बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले, आणि मी उरलेली फरशी पुसली.

रडगाणं नको म्हणून फोनवर हसत होते. पण हल्ली सिंकशी हात धुवायला उभी राहते आणि धुतच राहते. गरम पाणी संपून थंड यायला लागलं की कळतं.

अव्वाला एवढं सगळं सांगू नका. निदान फरशीचं सांगू नका.

तुमच्या पायाशी जागा असू द्या.

तुमची,
रंजू


॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

ताडकळस,
दि. ६ मार्च २०२५

चि. रंजू हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र अव्वाला मोठ्यानं वाचून दाखवलं. फरशीसकट. तिच्यापासून काही लपवणं मला जमत नाही, आणि जमलं तरी पचत नाही.

त्या तीन ओळींपाशी आलो. दोनदा वाचल्या. मीही विचारात पडलो की पोरीचा हात गळ्याकडं का गेला असेल. तर समोर सूप घेऊन बसलेल्या अव्वानं बोटानं दाखवलं. माझा उजवा हात माझ्या गळ्याशी होता. शिवदोऱ्यावर.

रंजू, हे मी शिकवलंय तुला. तू आठ वर्षांची होतीस. मठात तुला दीक्षा दिली, गळ्यात शिवदोऱ्यानं चांदीच्या डबीतलं लिंग बांधलं. घरी आल्यावर मी तुला समोर बसवून सांगितलं की आता हे अंगावरून कधी उतरायचं नाही, आणि कोणत्याही कामाला हात घालण्याआधी हात ह्याला लावायचा. पेन्सिल उचलताना, पाणी शेंदताना, पहिला घास घेताना. आपल्या घरचा दस्तूर. तू विसरलीस की मी नुसता खाकरायचो आणि तुझा हात जायचा. पुढं खाकरायची गरज उरली नाही. तू डॉक्टर झालीस, म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायचीस, त्याआधीही हात आधी गळ्याकडं जायचा आणि ते पाहून माझी छाती फुगायची. छत्तीस वर्षांत माझ्या कोणत्याच विद्यार्थ्यानं माझा धडा इतका पक्का केला नाही. आणि त्याच धड्यानं तुला नापास केलं.

पुढचं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. परीक्षेच्या दिवसापुरतं लिंग उतरवून ठेव. स्वच्छ वस्त्रात, उंच जागी. पाप लागायचं ते मला लागू दे. हे मी अव्वाला सांगितलं तेव्हा ती उठून परसात गेली. दुसऱ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, “उतर म्हणायचा अधिकार तुमाला कुणी दिला?”

उतरवणं जमत नसेल तर दुसरा उपाय सुचवतो. हात धुऊन झाले की शाळेत उभी राहायचीस तशी उभी राहा. हाताची घडी, तोंडावर बोट. बोट सोड, घडी पुरे.

बाजारात रामहरी भेटला. माझ्या हाताखाली शिकलेला, आता सूनबाई आली तरी मला बघून विडी लपवायचा. यंदा कारखाना लवकर बंद पडला म्हणून ऊसतोडीवरून परतलाय. तू नोकरी सोडलीस आणि नवा डॉक्टर यायच्या आत त्याच्या जोडीतला बैल फुगून मेला. तेव्हापासून त्यानं आपल्या घराची पायरी चढली नाही, तुला ठाऊक आहे. परवा चार माणसांत म्हणाला, “गुर्जी, आमच्या जनावराला डॉक्टर न्हाई, आन तुमची लेक तिकडं गोऱ्याची कुत्री धुवायली.” तुझ्या कामाचं त्याला कोणी सांगितलं देव जाणे. मी हसलो. गृहपाठ न केलेल्या पोरासारखा.

माझ्यावर रागाव, पण पत्र लिहीत जा.

आप्पा


ताडकळस
गुढीपाडवा

रंजू बाळा, अव्वाचा आशिर्वाद.

आप्पाला दाखवलं न्हाई. सविताकडून इंग्रजी पत्ता घातला. सविता म्हंजी रामहरीची सून. सासऱ्याला न सांगता येती, माज्यासंगं डाळ निवडती. तुज्या कामाचं रामहरीला तिनंच सांगितलं आसंल, मी तिच्यापाशी बोलले हुते. चूक माजी हाय. आप्पाला सांगू नको.

आप्पानं तुला काय लिवलं मला म्हाईत हाय. उतरू नको. उतरून बी उपेग न्हाई. मी करून बगितलं. दोरा गळ्यातला काडला न् लिंग दंडाला बांधलं, तसं चालतं आपल्यात. आट दिस. लिंग दंडावर, हात आपला गळ्याकडंच. सवय गळ्यात न्हाई बाळा, हातात हाय.

मग सविताला म्हणलं, तू मोज. दोन वाट्या ठिवल्या जवारीच्या. माजा हात गेला न् माज्या ध्यानात आलं तर मी तोंडानं म्हणायचं, गेला. मंग सवितानं दाणा ह्या वाटीत टाकायचा. ध्यानात आलं न्हाई तर त्या वाटीत. पैल्या दिवशी त्याच वाटीत येक्केचाळीस दाणे. ह्या वाटीत तीन. मला लय लाज वाटली. आता पंधरा दिस झाले. ह्या वाटीत तीस, त्या वाटीत धा-बारा. दिसभर गेला गेला म्हणायलेय. आप्पा वसरीवरून इचारतेत, दूध गेलं का उतू. मी म्हणते व्हय.

हात जायचा थांबत न्हाई. थांबवाय गेलं तर जास्ती जातो. जाऊ दे. त्या कागदावर काय लिवलंय ते मी आप्पाकडून पुन्ना वाचून घेतलं. तिच्या ध्यानात आलं न्हाई, आसं लिवलंय. त्यास्नी राग हाताचा न्हाई, ध्यानाचा हाय. तर गेल्याला गेला म्हण. मोट्यानं म्हण. लाजू नको. तिकडं तुला जवार भेटंल का? न्हाईतर तांदूळ घे.

फरशी पुसायची काय लाज. मी जलमभर पुसली.

जेवत जा. दूध घेत जा.

अव्वा


सस्कॅचवान
२ मे २०२५

ती. आप्पा,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळून महिना झाला. उत्तराला उशीर केला, कारण ‘रागाव’ म्हणालात आणि मला रागावता येईना. धडा तुमचा असेल, हात माझा आहे.

लिंग उतरवणार नाही. तुम्ही ते लिहिलंत, दोन दिवस बसून लिहिलंत, मला तेवढं पुरे. हाताच्या घडीचा उपाय मात्र बाद. घडी घातली की तळवे काखेत जातात, आणि ह्यांच्या शास्त्रात काख गळ्याहून अशुद्ध. तुमचा उपाय केला तर दोनदा नापास होईन.

सराव चालू आहे. काय सराव ते विचारू नका. दवाखान्यातले लोक म्हणतात की मी स्वतःशी बोलते. खोलीत तांदळाच्या दोन वाट्या आहेत, सोबत राहणारी मुलगी दाणे टाकते, आणि चुकीची वाटी अजूनही रोज भरते. जून जवळ येतो तशी जास्त भरते. रात्री झोप नाही, दिवसा भूक नाही. काल गाडी चालवताना मनात आलं की रस्ता असाच सरळ जात राहिला आणि मी वळलेच नाही तर कोणाला किती दिवसांनी कळेल. मग वळले. घाबरू नका, वळले म्हणूनच लिहितेय.

आशीर्वादाची आठवण असू द्या.

रंजू


सस्कॅचवान
१६ जून २०२५

ती. अव्वा आणि आप्पा यांना,
शि. सा. न. वि. वि.

परवा परीक्षा झाली. निकाल तीन आठवड्यांनी. तुमचा फोन दोन दिवस बंद लागतोय म्हणून हे लिहिते. हे पत्र पोचेल तेव्हा निकालही लागलेला असेल.

आप्पा, आधी एक कबुली. अव्वानं मला पाडव्याला पत्र लिहिलं होतं, तुमच्यापासून लपवून. ती दिवसभर ‘गेला, गेला’ का म्हणते ते तिलाच विचारा. हात गेल्याचं ध्यानात आलं की तोंडानं म्हणायचं, हा तिनं घातलेला अभ्यास आहे. दोन महिने आम्ही दोघी दोन देशांत एकच अभ्यास करत होतो. तिची वाटी माझ्यापेक्षा लवकर सुधारली.

परवाचं ऐका. हात धुतले, झगा घातला, हातमोजे घातले. टेबलाशी उभी राहिले. कुत्री भुलीखाली, काळी, पायावर पांढरा ठिपका. सुरी उचलायची, आणि हात गेला. मला तो जाताना दिसला, पण थांबवता आला नाही. बोटं गळ्याशी टेकली आणि तोंडातून निघालं, “गेला!” मराठीत, चांगलं मोठ्यानं. तिन्ही परीक्षक दचकले. एक बाई, पांढऱ्या केसांच्या, मागच्या खेपेलाही त्याच होत्या. त्यांनी विचारलं मी काय म्हणाले. मी इंग्रजीत सांगितलं की माझा हात गळ्याला लागला, मला नवे मोजे आणि नवा झगा हवा. बाई वहीत लिहीत राहिल्या, बराच वेळ. सगळं बदलायला अकरा मिनिटं गेली आणि घड्याळ चालूच होतं. शेवटचा टाका घातला तेव्हा वेळ संपायला अगदी थोडा अवकाश होता. टाके सुंदर नव्हते.

म्हणून सांगता येत नाही. चूक पकडली म्हणून गुण देतील, की केली म्हणून कापतील, की टाक्यांवर मारतील. पांढऱ्या केसांच्या बाईंचा चेहरा मला वाचता येत नाही. तो तुमचा विषय.

बाहेर येऊन लगेच फोन लावला, तुम्ही उचलला नाही, तुमच्याकडे मध्यरात्र असणार. माझा फोन मरायला टेकला होता. घाईनं निरोप ठेवला: हात गेला, अव्वाला सांगा. सांगितलंत ना, आप्पा? ती एकटीच आहे जिला ह्याचा अर्थ कळेल.

फोन दुरुस्त करून घ्या.

तुमची,
रंजू


॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

ताडकळस,
दि. ७ जुलै २०२५

चि. रंजू हिस,
जिथं असशील तिथं सुखरूप अस, एवढाच आज आशीर्वाद.

मे महिन्यानंतर तुझं पत्र नाही. पोस्टात रोज जातो. पोस्टमन आता मला लांबून पाहूनच मान हलवतो.

पण पत्राची गरज तरी काय होती? तुझा निरोप मला पंधरा जूनच्या सकाळी मिळाला. अव्वा परसात होती. मी एकट्यानं ऐकला. “आप्पा, गेला. हात गेला. अव्वाला सांगा, हात गेला.” आणि मग काही नाही. अकरा वेळा ऐकला. शेवटची संधी होती, आणि हात गेला. तुझा आवाज कापत होता. मला वाटलं तू रडत होतीस. की हसत होतीस? मला आता तुझ्या हसण्यातलं आणि रडण्यातलं कळेनासं झालंय.

अव्वाला सांगा म्हणालीस. नाही सांगितलं. कोणत्या तोंडानं सांगू? ज्यानं तो हात घडवला त्यानंच जाऊन सांगायचं का, की तोच हात पोरीला घेऊन बुडाला? पुढं आणखी काय ऐकावं लागेल ह्या धास्तीनं मी फोन बंद केला आणि जुन्या पेटीत, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ठेवला. तिला सांगितलं, पाण्यात पडला, पूर्णेला दुरुस्तीला दिलाय. रोज विचारते, झाला का. मी रोज म्हणतो, सुटा भाग आला नाही. बावीस दिवस झाले. लपवणं मला जमत नाही असं मी तुला लिहिलं होतं. जमायला लागलं.

तिला काहीच ठाऊक नाही हेच सगळ्यात अवघड आहे. चूल पेटवताना, दिवा लावताना ती अजून आपल्याशीच म्हणत असते, गेला, गेला. काय जातं तिचं कुणास ठाऊक, वयाचा परिणाम असावा. पण ती म्हणते आणि इकडं माझ्या काळजातून सुरी फिरते. काल मी तिच्यावर ओरडलो की दुसरा शब्द नाही का तुला. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला ताटावरून उठावं लागलं.

तुझी जुनी जागा पुन्हा मिळते का म्हणून परभणीच्या कचेरीत चौकशी केली. राजीनामा दिला की ते दार बंद, आणि नवी भरती कधी निघेल ते कोणी सांगू शकत नाही. मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, आणि हे सांगितलं. परत येताना एसटीत खिडकीशी बसलो होतो. शेतं हिरवी होती, बगळे होते. असं काही दिसलं की एरवी ओठांवर एखादी ओळ येते. आली नाही. तुला सांगतो, चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा आली नाही.

बाळा, तू ते सरळ रस्त्याचं लिहिलं होतंस. वळले म्हणालीस. तेव्हापासून माझा दिवस त्या एका शब्दावर उभा आहे. ह्या खेपेलाही वळ. नोकरी नको, पदवी नको, पुन्हा कधी जनावराला हात लावू नकोस, पण वळ आणि घरी ये. लोक बोलतील. रामहरी तर चौकात बोलेल. बोलू दे. त्याचा बैल गेला, त्याला अधिकार आहे. मी तुला नकाशा दाखवायला नको होता. नालबंदाच्या पुढ्यातून उचलून तुला वर्गात आणायचं, पट्टीनं ताल धरायचा आणि कविता पाठ करून घ्यायची, एवढंच माझं काम होतं.

मी उद्या अव्वाला सांगणार आहे. उद्या नक्की. आज हे पत्र पुरं करतो, पोस्टात टाकतो, आणि

अंगणात कोणीतरी आलंय. वहाणा काढल्याचा आवाज आला. मी मान वर करत नाही, लिहीतच राहतो, म्हणजे जो कोणी असेल त्याला वाटेल गुरुजी कामात आहेत आणि तो जाईल.

गेला नाही. पायरी चढला. उंबऱ्याशी रामहरी आहे. दोन वर्षांनी. टोपी काढलेली, आणि काठोकाठ भरलेला पेला धरावा तसा दोन्ही हातांत फोन धरलाय. चौकातलं पुरलं नाही म्हणून बोलायला घरात आला असावा. मी लिहितोय.

तो म्हणतोय, “गुर्जी, लिव्हणं ऱ्हाऊ द्या. तुमची लेक हाय ह्येच्यात. माज्या नव्या खोंडाला पाडव्यापासून त्याच फोनवरनं बगायल्यात, सवितानं नंबर दिलता. तुमचा फोन लागंना म्हणून मला लावलाय. सगळ्या परीक्षेत पास निघाल्या म्हणायल्यात.”

मी डावा हात पुढं केला. त्यानं फोन छातीशी धरला आणि आत, चुलीकडं पाहिलं.

“तुमाला न्हाई, गुर्जी. आदी अव्वाला द्या म्हणल्यात.”